वजन माझं उतरत होतं

माझं नाव सुनंदा. जानेफळच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे एकवीस वर्षांपासून मी अंगणवाडी चालवते. लिहिताना शाळेतली भाषा येते आणि बोलताना घरची, तेवढं चालवून घ्या. मला टीबी झाला होता. आता बरी आहे. हे मी माझ्यासारख्या बायांसाठी लिहिते, ज्या दिवसभर दुसऱ्यांची लेकरं कडेवर घेतात आणि स्वतःला खोकला झाला तर आल्याचा चहा पिऊन गप बसतात. गोळ्या कोणत्या, किती, ते डॉक्टर सांगतील. बाकीचं मी सांगते.

वजनं

दर महिन्याला पोरांची वजनं घ्यायची आणि मोबाईलमध्ये भरायची, हे आमचं ठरलेलं काम. मोठी पोरं काट्यावर उभी राहतात. दीड-दोन वर्षांची उभी राहतील तर शपथ. एक पाय ठेवला की भोकाड पसरतात, नाहीतर काट्यावरच मुततात. लटकवायचा काटाही आहे, पण त्याच्या झोळीत घातलं की पोरगं असं किंचाळतं की सारी गल्ली गोळा होते. म्हणून आमची एक युक्ती. पोराला कडेवर घेऊन मोठ्या माणसानं काट्यावर उभं राहायचं आणि जो आकडा येईल त्यातून त्या माणसाचं वजन वजा करायचं.

खरं तर आईनं उभं राहायचं असतं, आणि आधी तिचं एकटीचं वजन करायचं असतं. पण सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीत, आया सगळ्या वावरात. मग मीच उभी राहायची. माझं वजन चौपन्न. प्रियाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, जन्मानंतर जे चौपन्न झालं ते झालं. स्वतःचं नाव पाठ असतं तसं ते मला पाठ होतं. दरवेळी कोण बघत बसतं?

त्या सोंगणीत माझ्या कडेवरची पोरं वजनानं उतरायला लागली. पहिल्या महिन्यात थोडी, दुसऱ्या महिन्यात जास्त. उभी राहणारी पोरं मात्र ठीक होती. माझ्या डोक्यात एकच आलं की आया वावरात जातात आणि लहान्यांच्या पोटाकडे कोणी बघत नाही.

सगळ्यात जास्त राग आला रेखाचा. रेखा आमच्यापासून चार घरं सोडून राहते, एक लहाना तेव्हा तिच्या मांडीवर असायचा. तिची अनू तेव्हा अडीच वर्षांची, आणि माझ्या कडेची हक्काची मालकीण. आमच्या मदतनीस कमलताईंनी उचललं तर त्यांना चिमटे काढायची. आहाराची पाकिटं वाटायच्या दिवशी पंधरा-वीस बाया रांगेत होत्या, आणि मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं.

"काय वं रेखा, पोट्टीले जेवू घालतं का नाई? का नुसती मोबाईल पाहत बसतं?"

"बाई, दोन्ही टाइम खाते वं ते. तुमची शपत."

"खाते तं मंग जाते कुठी? काटा काय खोटं बोलते?"

रेखानं पाकीट घेतलं, पदर तोंडाला लावला आणि निघून गेली. मला वाटलं, बरं झालं, आता तरी लक्ष देईल.

एक्कावन्न

तिसऱ्या महिन्यात मोबाईलमध्ये सात पोरं एकदम लाल झाली. लाल म्हणजे फार कमी वजनाची. एका अंगणवाडीत सात पोरं लाल झाली म्हणजे वरपर्यंत घंटा वाजते. दुसऱ्याच दिवशी आमच्या सुपरवायझर मॅडम गाडीवर आल्या. त्यांनी आधी कमलताईंचं वजन केलं, मग कमलताईंच्या कडेवर देऊन सातही पोरांची वजनं केली. सहा पोरं ठणठणीत निघाली. अनू मात्र खरंच अर्धा किलो उतरलेली होती.

मी तर हसलेच. पोरं बरी आहेत म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तुम्ही एकट्या उभ्या राहा बरं."

एक्कावन्न.

"किती दिवसांपासून खोकताय तुम्ही?"

आता मी हिशोब करायला लागले. पोळ्याला खोकला होता. दिवाळीला होता. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, त्याला मी थकवा म्हणायची. सोयाबीनच्या धुराळ्यानं साऱ्या गावाला खोकला होतो, त्यात आपलाही एक, असं समजत होते. पोरांना दोन आठवडे खोकला राहिला तर आईला दवाखान्यात पिटाळणारी मी, साडेतीन महिने खोकत होते. आणि रेखाची काही चूक नसताना तिला चारचौघींत उपाशी ठेवणारी ठरवलं होतं.

मॅडमनी जाताना सांगितलं, "त्या अनूकडे लक्ष ठेवा." मी हो म्हटलं. पण त्या दिवसापासून मी माझ्याच घोरात पडले आणि ते माझ्या डोक्यातून साफ गेलं. हे लिहायला जड जातं, पण गेलं ते गेलंच.

निदानाचा दिवस

तालुक्याच्या दवाखान्यात एक छोटी डबी देतात. मागच्या अंगणात, मोकळ्यावर जाऊन खोकायचं आणि बेडका त्या डबीत धरायचा. थुंकी नाही, आतला बेडका. शेजारी एक म्हातारे बाबा तेच करत होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जसं बसमध्ये ओळखीचं माणूस भेटतं. तेवढंही बरं वाटलं.

रिपोर्ट सांगणारी डॉक्टर माझ्या प्रियाच्या वयाची होती. म्हणाली, "टीबी आहे. पूर्ण बरा होतो. सहा महिने एकही दिवस गोळी चुकवायची नाही."

मी म्हटलं, "अन् माझी पोरं?"

"किती मुलं आहेत तुम्हाला?"

"तेवीस."

तिनं वर पाहिलं. मग केसपेपरवर माझं काम वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "सगळ्यांना तपासावं लागेल," म्हणाली. "एवढ्या लहान मुलांना पटकन होऊ शकतो. पण घाबरू नका, लवकर कळलं तर तीही बरी होतात."

प्रियाचे बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सांगितलं तर ते चपलेत पाय घालत उठले. मग म्हणाले, "कोनाले सांगू नोको." मी म्हटलं, "तेवीस घरी सांगा लागते." येताना ते गाडी चालवत होते आणि मी मागे तोंडाला पदर बांधून बसले होते. सारा रस्ता माझ्या मनात एकच, माझ्यापासून एखाद्या लेकराला झालं असेल तर? माझं स्वतःचं काय होईल हा प्रश्न मला खरंच पडला नाही. तो नंतर पडला, उलट्या सुरू झाल्यावर.

कोठीची खोली

तपासणाऱ्या सिस्टरनं कोणाच्याच घरी माझं नाव घेतलं नाही. पण ती नेमकी अंगणवाडीच्या तेवीस घरी गेल्यावर नाव घ्यायची गरजच काय? संध्याकाळपर्यंत पारावरच्या कुत्र्यालाही माहीत झालं होतं. कोणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्या दारावरून जाताना बाया पोरांचा हात धरून रस्त्याच्या त्या अंगानं जायला लागल्या. एकीनं मोठ्यानं म्हटलं, मला ऐकू जाईल असं, "एवढे दिवस खोकून राह्यली होती, तिले समजत नव्हतं काय?" 

घरात माझी खाट सोयाबीनच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, खोलीत गेली. माझं ताट, तांब्या, सगळं वेगळं. डॉक्टरनं सांगितलं होतं की ताटानं काही होत नाही, खिडकी उघडी ठेवा, तोंडाला मास्क लावा, गोळ्या सुरू झाल्या की थोड्या आठवड्यांत धोका जातो. हे सगळं मी प्रियाच्या बाबांना सांगितलं.

ते म्हणाले, "डॉक्टरले काय होते? ते काय आपल्या घरी राह्यते?"

माणूस वाईट नाही. स्वयंपाक येत नसताना माझ्यासाठी खिचडी शिकले. पण ताट दाराशी ठेवायचे, दोनदा दार वाजवायचे आणि मी उठेपर्यंत ओसरीवर जाऊन पोचलेले असायचे. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि मी त्यांची पाठच बघत राहिले. मला राग यायचा. मग त्यांनाही आपली भीती वाटत असेल, असं म्हणून गिळून टाकायची. सगळाच राग काही गिळला गेला नाही.

प्रिया देऊळगाव राजाला दिलेली आहे. तिचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे व्हायचं होतं. मी डिंकसुद्धा आणून ठेवला होता. ते सासरीच झालं. नातू मी मोबाईलवर पाहिला. प्रिया म्हणाली, "आई, तू बरी झाली की ये," आणि मी म्हटलं, "हाव वं, घाई काय आहे?" मोबाईल ठेवला आणि कट्ट्यांकडे तोंड करून खूप रडले. तुम्हालाही रडू येईल. येऊ द्या. मी उगाच पोक्तपणा करत बसले आणि त्यानं काही जास्त बरी झाले नाही.

एक कमलताई तेवढ्या यायच्या. अंगणवाडी सुटली की खोलीच्या खिडकीबाहेर दगडावर बसायच्या आणि हजेरी घेतल्यासारखं सगळं सांगायच्या. कोण आलं, कोणी कोणाला चावलं, कोणी आज पहिल्यांदा "ग" काढला. "बाई, आज नऊच आले. कालच्यापेक्षा दोन जास्त आहेत, पाहा." ती बाई खोटं बोलायची. सात यायचे. मला नंतर रजिस्टरमध्ये दिसलं.

नऊ दिवस

गोळ्या सुरू झाल्या की लघवी नारंगी होते. मला डॉक्टरनं सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी मी भिंतीला धरून उभी राहिले. तुम्ही तसं करू नका, ते औषधाचंच असतं. पण डोळे पिवळे झाले तर थांबू नका. माझे झाले. पाचव्या आठवड्यात पोटात पाणीही ठरेना, आणि मला जिल्ह्याच्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं.

दवाखान्यात दिवस फार लांब असतो. सकाळी साडेपाचला झाडू, मग चहा, मग रक्त काढणारा, मग डॉक्टर येतात आणि निघून जातात, आणि घड्याळात बघावं तर दहासुद्धा वाजलेले नसतात. शेजारच्या खाटेवर मोताळ्याकडची एक बाई होती. तिच्याकडे सारखी माणसं. दुपारी भाकर, संध्याकाळी दूध, नणंद केस विंचरून देते. माझ्याकडे नऊ दिवसांत प्रियाचे बाबा दोनदा आले, तेही खिडकीतून. मोताळ्याची बाई विचारायची, "तुमचं कोनी नाई का वं?" मी सांगायची, "आहेत की, पन कापूस वेचनं चालू आहे." आमच्याकडे कापूस नाहीच.

चौथ्या का पाचव्या दिवशी एक सिस्टर आली. तिनं हातमोजा न घालता माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप आहे का बघायला. तिच्या कामातली साधी गोष्ट होती. पण दीड महिन्यात मला माणसाचा उघडा हात लागलेला नव्हता. तिनं हात काढला तेव्हा मी पटकन तो धरला. तिला वाटलं मला काही हवं आहे. "काय पाहिजे, मावशी?" मी म्हटलं, "काही नाही." ती तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि मग पुढच्या खाटेकडे गेली.

बावीस आणि एक

बदललेल्या गोळ्या घेऊन घरी आले त्याच आठवड्यात पोरांचे निकाल आले. बावीस पोरांना काही नव्हतं. आजार होऊ नये म्हणून त्यांना औषध देणार होते. अनूला टीबी होता.

तिच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. तिचा आजोबा वर्षानुवर्षं खोकतो, म्हणून मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, आजोबाचा निघू दे. असं मागणं मागितलं मी. आजोबाला काही निघालं नाही. डॉक्टरला विचारलं, तर म्हणाली, "कोणापासून हे कोणी सांगू शकत नाही, आणि शोधूनही उपयोग नाही." ती चांगल्यासाठी म्हणाली. पण अनू दिवसाचे तीन-चार तास कोणाच्या कडेवर असायची ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रेखा आमच्या अंगणात आली. फाटकाच्या आत एक पाऊल, तिथेच उभी. ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही.

"तुम्ही मले म्हनलं, मी पोट्टीले उपाशी ठेवतो. साऱ्या बायाईत म्हनलं." फाटकाची कडी तिनं हातात धरली होती. "मी रोज रात्री तिच्या तोंडात घास कोंबत होतो, बाई. रडे तं मारत होतो. म्हनो, काऊन नाई वाढत तू?"

एवढं बोलून ती गेली. मी दारात उभी होते, मास्क लावून. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण ते सॉरी कशाकशाचं म्हणायचं?

सात वाजता

चार दिवसांनी सकाळी रेखा पुन्हा फाटकाशी दिसली. कडेवर अनू, हातात वाटी. अनूच्या गोळ्या पाण्यात विरघळणाऱ्या होत्या आणि ती एक घोट पोटात जाऊ देत नव्हती. नाक दाबून पाहिलं, गुळात पाहिलं, बापानं एक थापड देऊनही पाहिलं. सगळं भळकन बाहेर. रेखानं आधी डॉक्टरला विचारलं होतं की बाईंजवळ नेलं तर चालेल का. आता माझ्यापासून धोका नाही असं डॉक्टरनं सांगितलं, तेव्हाच ती आली होती.

"तुमच्या हातून घेते का पाहा," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मला माझी सकाळची गोळी घ्यायची होती. माझ्या गोळ्या हातात घेतल्या, तिची वाटी तिच्या हातात दिली. म्हटलं, "अनू, पाहू बरं कोन पयले पिते? मी का तू?" ती माझ्याकडे बघत राहिली, मग वाटी तोंडाला लावली आणि जिंकली. तोंड वाकडं केलं, पण सगळं गिळलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा आल्या. मग रोज. पाऊस नाही, थंडी नाही, एकही दिवस चुकला नाही. अनू आत येऊन माझ्याशेजारी पाटावर बसायची. रेखा बाहेर ओट्यावर, माझ्याकडे पाठ करून. चहा विचारला की "नाई." बस म्हटलं की "ठीक आहे." त्यापलीकडे महिने गेले तरी एक शब्द नाही.

माझा कोर्स आधी संपला. बेडका स्वच्छ, छातीचा फोटो स्वच्छ, वजन तेपन्न. डॉक्टरनं पाठीवर हात ठेवून "झालं ताई" म्हटलं. प्रियाचे बाबा त्या रात्री माझ्याच ताटातली भाकर तोडून खाऊ लागले. मी मात्र पोटभर जेवले नाही. अनूचा दीड महिना बाकी होता, आणि मी गोळी घेतली नाही तर ती घेणार नव्हती. मग मी बडीशेपेच्या पांढऱ्या गोळ्या आणल्या आणि रोज सकाळी तोंड वाकडं करून त्या गिळायला लागले. पोरगी हसायची, "बाई हरली."

तिच्या शेवटच्या गोळीच्या दिवशी अनू प्यायली आणि अंगणात पळाली. गालांवर मास आलं होतं. रेखा ओट्यावरून उठली. मी म्हटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही.

"रेखा, हे माझ्यानंच झालं."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून माहीत आहे."

"अन् मी तुले जे बोलली..."

"ते बी माहीत आहे."

"मंग एवढे महिने कशी येत गेली वं?"

"ते तुमच्या हातून पेत होती," रेखा म्हणाली. "मले काय, मले तिच्या पोटात जाऊ द्याचं होतं."

तिनं वाटी पदरानं पुसली. फाटकापर्यंत गेली आणि वळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही अंगनवाडीत परत येसान तं अनूले पाठवतो. लहान्याले बी पाठवीन तिच्यासंगं. पन त्याले कडेवर घेऊ नोका."

मला सांगता आलं असतं की आता माझ्यापासून कोणालाच काही होत नाही. डॉक्टरचा कागद घरात होता. मी म्हटलं, "बरं."

आता त्या तेवीसांतली एकवीस पोरं येतात. दोन घरांनी अजून पाठवलेली नाहीत. रेखाचा लहाना दीड वर्षाचा आहे, रुद्र त्याचं नाव, आणि बहिणीसारखाच हट्टी. दिवसातून दहादा माझ्यासमोर येऊन उभा राहतो, दोन्ही हात वर करतो आणि म्हणतो, "उचल." रेखा वावरात असते, बघायला कोणी नसतं.

मी हात पाठीमागे घेते आणि कमलताईंना आवाज देते.